खाजणाची वकिली करणारी रेचल

१९४६ सालचा सप्टेंबर महिना. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात प्लम आयलंड नावाचं एक लांबट बेट आहे. त्या बेटाच्या मागच्या चिखलात दोन बायका हिंडत होत्या. त्यातली एक चित्रकार होती. दुसरी एकोणचाळीस वर्षांची, सडपातळ, फारसं न बोलणारी. सरकारी खात्यात लिहिण्याचं आणि इतरांचं लिहिलेलं तपासण्याचं काम ती करायची. भरतीच्या पाण्यात डोलणारं गवत, त्यात उतरणारी काळपट रानबदकं, ओहोटी लागल्यावर उघडा पडणारा गाळ, सगळं ती निरखून बघत होती. तिला या जागेवर एक छोटीशी पुस्तिका लिहायची होती.

तिचं नाव रेचल कार्सन. हे नाव आपल्यापैकी बऱ्याचजणींनी ऐकलेलं असतं ते 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकामुळे. डीडीटीसारख्या कीटकनाशकांविरुद्ध उभी राहिलेली बाई, अशी तिची ओळख. पण त्याआधी सोळा वर्षं ती सरकारी नोकरीत होती आणि त्या नोकरीत तिनं जे केलं त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ज्या जमिनीला सगळे फुकट गेलेली जमीन म्हणत होते, तिची बाजू तिनं लोकांना समजावून सांगितली. ती जमीन म्हणजे समुद्रकाठची दलदल. आपल्या कोकणात तिला खाजण म्हणतात. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला निघून जातं. तिकडच्या थंड हवेत आपल्यासारखी तिवराची झाडं नसतात, खाऱ्या पाण्यात तग धरणारं गवत असतं. माशांची पिल्लं या गवतात लपून वाढतात, खेकडे आणि शिंपल्या गाळात राहतात, दूरवरून येणारे पक्षी इथे पोट भरतात. माणसाला मात्र तिथे फक्त डास दिसतात.

गंमत म्हणजे रेचलचं बालपण समुद्रापासून शेकडो मैल दूर गेलं. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्प्रिंगडेल हे नदीकाठचं छोटं गाव. २७ मे १९०७ रोजी तिचा तिथे जन्म झाला. दोन भावंडं तिच्याहून बरीच मोठी. वडिलांचं उत्पन्न बेताचंच. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती, पण लग्न झालेल्या बाईनं शाळेत शिकवायचं नाही अशी तेव्हाची रीत, त्यामुळे तिची नोकरी सुटली. मग तिनं आपलं सगळं शिकवणं या धाकट्या लेकीत ओतलं. दोघी रानात हिंडायच्या, पक्षी ओळखायच्या. अकराव्या वर्षी रेचलची गोष्ट मुलांच्या एका नामांकित मासिकात छापून आली. आपण लेखिका व्हायचं, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पिट्सबर्गच्या मुलींच्या कॉलेजात तिनं इंग्रजी विषय घेतला. तिथे मेरी स्किंकर नावाच्या जीवशास्त्राच्या बाई होत्या. त्यांच्या वर्गात बसल्यावर रेचलनं विषयच बदलला. लोकांनी वेड्यात काढलं. बायकांना शास्त्रात नोकरी कोण देणार, असा तो काळ. पण १९२९ साली ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत शिकायला गेली. तिथे तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ साली तिनं प्राणिशास्त्राची एम.ए. पदवी मिळवली. डॉक्टरेट करायची इच्छा होती. पण महामंदीचे दिवस होते, घरची माणसं तिच्याकडेच राहायला आली होती, पैसा नव्हता. १९३४ मध्ये शिक्षण सोडावं लागलं. १९३५ मध्ये वडील अचानक गेले. आता घर चालवायचं ते रेचलनंच.

ती नोकरीच्या शोधात सरकारी मत्स्य खात्यात गेली. तिथले अधिकारी एल्मर हिगिन्स एका वेगळ्याच अडचणीत होते. पाण्यातल्या जीवांवर रेडिओसाठी सात-सात मिनिटांचे बावन्न कार्यक्रम लिहायचे होते. शास्त्रज्ञांना सोपं लिहिता येत नव्हतं आणि लेखकांना शास्त्र येत नव्हतं. या मुलीला दोन्ही जमेल असं वाटून त्यांनी तिला हंगामी काम दिलं. ते तिनं इतकं छान केलं, की पुढे कायमच्या जागेसाठी तिनं परीक्षाही दिली. तीत ती सगळ्या पुरुष उमेदवारांच्या पुढे होती. १९३६ साली ती कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली. अशा पदावर पूर्ण वेळ नेमलेली त्या खात्यातली ती दुसरीच स्त्री.

पगारात भागत नव्हतं म्हणून ती वर्तमानपत्रांत लिहू लागली. समुद्रातून नदीत चढणाऱ्या शॅड माशांची संख्या का घटते आहे, यासारखे विषय असायचे. लेखाखाली नाव मात्र आर. एल. कार्सन. शास्त्रावर लिहिणारा पुरुषच असणार असं वाचकांनी धरून चालावं, म्हणून ही युक्ती! १९३७च्या सुरुवातीला मोठी बहीण मॅरियन वारली आणि तिच्या दोन शाळकरी मुली आजी-मावशीकडे आल्या. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी घर आणि सगळी झोपल्यावर लिखाण. आई तिचं हस्तलिखित टाइप करून द्यायची. मैत्रिणींनो, हे वेळापत्रक आपल्याला काही नवीन नाही, नाही का?

१९४१ साली 'अंडर द सी विंड' हे तिचं पहिलं पुस्तक आलं. महिनाभरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तकाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

तोवर तिचं खातं दुसऱ्या एका खात्यात मिसळून मत्स्य आणि वन्यजीव सेवा असं नवं खातं झालं होतं. युद्धाच्या काळात मांसाची टंचाई होती. नेहमीचेच चार मासे संपवण्यापेक्षा लोकांनी इतर मासेही खावेत, असं सरकारला वाटत होतं. गृहिणींसाठी त्या पुस्तिका लिहिल्या रेचलनं. कोणता मासा कुठे मिळतो, कसा जगतो, रांधायचा कसा, हे तिनं सांगितलं. स्वयंपाकघरातल्या बाईला समुद्राशी जोडायचं कसब तिथेच तिच्या हाती आलं.

युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये तिच्याकडे एक नवी मालिका आली. देशभरातल्या वन्यजीव अभयारण्यांची लोकांना ओळख करून द्यायची होती. त्यातली बरीच अभयारण्यं किनाऱ्यावरची, दलदलीची. त्यांची कथा मजेदार आहे. १९३४ साली अमेरिकन सरकारनं कायदा केला, की रानबदकांची शिकार करायची असेल तर दरवर्षी एक डॉलरचं खास तिकीट विकत घ्यायचं. त्या पैशांतून दलदलीच्या जमिनी विकत घेऊन पक्ष्यांसाठी राखायच्या. म्हणजे शिकाऱ्याच्याच खिशातून पक्ष्याच्या घराची सोय!

कागदावर हे छान दिसतं. गावात मात्र वेगळं चित्र होतं. प्लम आयलंडजवळ सरकारनं पार्कर रिव्हर अभयारण्यासाठी जमीन घेतली तेव्हा गावकरी खवळले. पिढ्यान्पिढ्या इथे आम्ही शिकार करतो, गाळातल्या शिंपल्या उकरतो, गवत कापतो, आता हे वॉशिंग्टनचे साहेब आम्हाला शिकवणार का, असा त्यांचा सूर. तक्रार थेट संसदेपर्यंत गेली. सरकारी कायद्याला असा विरोध झाला, की अधिकारी सहसा कायद्याचं कलम दाखवतात. रेचल मात्र स्वतः तिथे गेली, चिखलात उतरली आणि परत येऊन गावातल्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलं. ही बदकं उत्तरेकडून येतात, दक्षिणेकडे जातात. वाटेत त्यांना थांबायला, खायला जागा लागते. किनाऱ्यावरच्या अशा जागा भराव घालून, पाणी काढून एकेक करत संपत चालल्यात. ही उरलेली गेली, तर बदकंही जाणार आणि मग तुमच्या मुलांना ती दिसणार नाहीत. हा सगळा हिशेब तिनं कुणालाही न दुखावता मांडला.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅटामस्कीट तलावावरची तिची पुस्तिकाही अशीच. किनाऱ्याजवळच्या या भल्यामोठ्या उथळ तलावातलं पाणी उपसून तळाशी शेती करायची, असा घाट काही कंपन्यांनी घातला होता. त्यासाठी अवाढव्य पंपघर बांधलं. एक कंपनी थकली, दुसरी आली, तीही थकली. पाणी काही हार मानेना. शेवटी १९३४ साली सरकारनं ती जागा घेतली, पंप थांबले, तलाव पुन्हा भरला आणि हिवाळ्यात हंसांचे थवे उतरू लागले. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या चिंकोटीग अभयारण्यावरही तिनं लिहिलं. १९४७ साली या तिन्ही पुस्तिका छापून आल्या. १९४९ मध्ये ती खात्याच्या सगळ्या प्रकाशनांची मुख्य संपादक झाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. किनारा वाचवणारं सरकार आणि किनारा बिघडवणारं सरकार ही दोन वेगळी सरकारं नव्हती. मंदीच्या काळात बेकारांना काम द्यायचं म्हणून याच किनाऱ्यावरच्या बहुतेक खाजणांमध्ये डास घालवण्यासाठी सरळसोट चर खणले गेले होते. त्यामुळे खाजणांचं पाणी निघून गेलं आणि डबक्यांतले जे मासे डासांच्या अळ्या खायचे, तेही गेले. युद्धानंतर चरांच्या जोडीला आलं डीडीटी. १९४५ सालीच रेचलच्या कानावर आलं होतं, की तिच्याच खात्यातले शास्त्रज्ञ डीडीटीचा मासे आणि पक्ष्यांवर होणारा परिणाम तपासत आहेत आणि लक्षणं काही बरी नाहीत. तिनं एका मोठ्या मासिकाला लेख सुचवला. त्यांनी नको म्हटलं. विषय तिथेच राहिला, पण तिच्या मनातून गेला नाही.

१९५१ साली 'द सी अराउंड अस' हे समुद्राचं चरित्रच म्हणावं असं तिचं पुस्तक आलं आणि नशीब पालटलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत ते शहाऐंशी आठवडे होतं. राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. पैशांची चिंता मिटल्यावर १९५२ मध्ये तिनं नोकरी सोडली. मेन राज्यात साउथपोर्ट बेटावर, नदी समुद्राला मिळते तिथे एक लहानसं घर बांधलं. 'द एज ऑफ द सी' या पुढच्या पुस्तकासाठी ती खडकांमधल्या गार पाण्यात इतका वेळ उभी राहायची, की पाय बधिर व्हायचे आणि चित्रकार बॉब हाइन्सना तिला उचलून बाहेर आणावं लागे. बघण्यासाठी घरी आणलेला प्रत्येक जीव पुन्हा समुद्रात नेऊन सोडायचा, हा मात्र तिचा नियम.

नोकरी सुटली तरी खात्याशी नातं सुटलं नाही. १९५३ मध्ये नव्या मंत्र्यांनी मत्स्य आणि वन्यजीव सेवेचे अनुभवी प्रमुख अल्बर्ट डे यांना पदावरून दूर केलं, तेव्हा तिनं वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहिलं. जमीन, पाणी, वन्यजीव ही देशाची ठेव आहे, ती जाणत्या माणसांच्या हातून काढून घेऊ नका, असं तिचं म्हणणं होतं.

घरात मात्र एकामागून एक आघात होत होते. १९५७ साली तिची भाची मार्जरी वारली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर पोरका झाला. पन्नाशीला टेकलेल्या, अविवाहित रेचलनं त्याला दत्तक घेतलं. पुढच्याच वर्षी आई गेली. त्याच १९५८ सालच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या ओल्गा हकिन्स या ओळखीच्या बाईंनी कळवलं होतं, की डासांसाठी विमानातून केलेल्या फवारणीनंतर त्यांच्या आवारातले पक्षी तडफडून मेले. पुन्हा तीच दलदल, तेच डास, तेच सरकार. मग मात्र रेचल थांबली नाही.

चार वर्षं ती कागदपत्रं, अहवाल, शास्त्रज्ञांची पत्रं गोळा करत राहिली. यात तिची जुनी नोकरी कामी आली. कोणत्या कपाटात कोणता अहवाल असतो, हे तिला माहीत होतं! १९५५ साली फ्लोरिडातल्या सुमारे दोन हजार एकर खाजणावर चिलटांसाठी डिल्ड्रिन हे विष टाकलं गेलं आणि दहा लाखांहून जास्त मासे मेले. खेकडेही जवळजवळ नाहीसे झाले. अशा नोंदी तिनं पुस्तकात घेतल्या. नदीमुखं आणि खाजणं ही समुद्रातल्या माशांची पाळणाघरं आहेत, तिथे विष पडलं तर भर समुद्रातल्या जाळ्यातही काही यायचं नाही, हे तिनं दाखवून दिलं. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, आपल्या समुद्रावरच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला तिनं प्रस्तावना लिहिली. अणुकचरा समुद्रात बुडवण्याच्या प्रकाराबद्दल त्यात सावधगिरीचा इशारा होता. समुद्र एवढा मोठा की त्याला काही होत नाही, हा आपला भ्रम तिनं मोडायला घेतला होता.

आणि हे सगळं करताना तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. १९६० मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण तेव्हा तिला खरं काय ते सांगितलंच गेलं नाही. कळलं तोवर आजार पसरला होता. किरणोपचार, अशक्तपणा, डोळ्यांचा त्रास, घरात लहान मुलगा. तरी लिखाण चालूच. आजाराची गोष्ट तिनं मोजक्या जवळच्या माणसांपलीकडे कुणाला कळू दिली नाही. कीटकनाशकांच्या कंपन्या म्हणाल्या असत्या, कर्करोग झाला म्हणून ही बाई सूड उगवतेय.

१९६२ च्या सप्टेंबरमध्ये 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध झालं. टीका झालीच. अविवाहित, भावनाप्रधान, शास्त्रातलं काय कळतंय, इथपर्यंत. पण राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या शास्त्रीय सल्लागार समितीनं चौकशी केली आणि मे १९६३ च्या अहवालात तिच्या म्हणण्याला दुजोरा दिला. पुढच्याच महिन्यात ती सिनेटच्या समितीसमोर साक्षीला बसली. डोक्यावर विग होता, अंगात त्राण नव्हतं. पण समोरच्यांना दिसली ती शांतपणे, मुद्देसूद बोलणारी एक बाई. विष सरसकट बंद करा असं तिनं म्हटलं नाही. ते जपून, जाणून, लोकांना सांगून वापरा, असं तिचं मागणं होतं. १४ एप्रिल १९६४ रोजी ती गेली. वय अवघं छप्पन्न. तिच्या इच्छेप्रमाणे तिची काही रक्षा साउथपोर्टच्या समुद्रावर सोडण्यात आली.

तिच्यामागे बरंच काही घडलं. १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली. १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी आली. त्याच वर्षी किनारी भागाच्या व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि समुद्रात कचरा टाकण्याला आळा घालणारा, सागरी अभयारण्यांची तरतूद करणारा कायदाही झाला. हे सगळं एकट्या रेचलनं केलं असं म्हणणं बरोबर नाही. पण लोकांचं मन तयार करण्यात तिचा वाटा मोठा होता. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या जेमतेम चारशे-साडेचारशे जोड्या १९६० च्या दशकात उरल्या होत्या, अलास्का वगळता. २००७ साली तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला, तेव्हा जोड्या दहा हजारांच्या घरात होत्या.

मेन राज्याच्या किनाऱ्यावर १९६६ साली खाजणांसाठी एक सरकारी अभयारण्य झालं. तीनच वर्षांनी त्याला रेचल कार्सनचं नाव दिलं गेलं. एका सरकारी नोकर बाईचं नाव सरकारनं दलदलीला दिलं, आणि तिला याहून शोभेसा मान कुठला असणार!

आणि ते चर? ज्या पार्कर रिव्हरसाठी तिनं पुस्तिका लिहिली, तिथल्या खाजणात गेल्या काही वर्षांत ते जुने चर बुजवण्याचं काम सुरू झालं. यंत्रं लावून माती टाकायची नाही. खाजणातलंच गवत कापून चरात अंथरायचं आणि अडकवून ठेवायचं. भरतीबरोबर येणारा गाळ त्यात अडकतो, चर हळूहळू उथळ होतो, मग गवत आपणहून उगवतं. सरकारनं एका पिढीत बिघडवलेलं पुढच्या पिढ्यांनी असं हातांनी नीट करायचं. वेळ लागतो, पण होतं.

मला राहून राहून आठवतात त्या तिच्या पुस्तिका. पुरस्कार नाही, टाळ्या नाहीत, महिन्याच्या पगारात केलेलं काम. ठरलेल्या पानांत, चिडलेल्या गावाला समजेल असं लिहायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन भाच्यांचं बघायचं. कायदे सरकार करतं, पाट्याही लावतं. पण कुंपणाच्या आत काय आहे आणि ते का जपायचं, हे काठावर राहणाऱ्या माणसाला पटलं नाही, तर पाटी गंजून जाते. ते पटवून देण्याचं काम रेचलनं केलं, आधी नोकरीत आणि मग नोकरी सोडून. आपल्या गावाजवळच्या ओढ्याला, तळ्याला, खाडीला कुणी पडीक जागा म्हटलं, तर तिथे काय काय जगतं हे एकदा जाऊन बघायला हरकत नाही. तिनंही सुरुवात तशीच केली होती.